कुशी आणि कसोटी

समुपदेशनाच्या खोलीत फारसे काही नसते. दोन खुर्च्या, मध्ये बुटके टेबल, त्यावर टिश्यूचा खोका आणि दोघांनाही दिसेल अशा जागी घड्याळ. कार्डिफमधल्या अशा एका खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर पाऊस होता. ओला कोट मी काढलाच नव्हता. इंग्रजीतली चार वाक्ये घोकून आणली होती : झोप लागत नाही, भूक नाही, वडील गेले, बाकी सगळे ठीक आहे.

समोरच्या बाई वेल्श होत्या. माझी चार वाक्ये त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मनातल्या मनात तुम्ही स्वतःशी बोलता, ते कोणत्या भाषेत?" मी म्हटले, मराठीत. "मग आधी मराठीत सांगा. मला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. मला नंतर सांगा."

मी तोंड उघडले आणि घोकलेल्या चार वाक्यांपैकी एकही बाहेर आले नाही. बाहेर आले ते असे : "बाबा, मी आलेच नाही हो."

2020च्या एप्रिलमध्ये बाबा साताऱ्यात गेले. विमाने बंद होती. भाच्याने हातात धरलेल्या मोबाइलवर मी त्यांना अग्नी दिलेला पाहिला. मध्येच रेंज गेली आणि चित्र थिजले. त्यानंतर दोन वर्षे मी मुलांचे डबे भरले, नवऱ्याच्या रात्रपाळ्या सांभाळल्या, गणपतीला एकवीस मोदकही केले. पहाटे तीनला जाग यायची ती येतच राहिली. एके दिवशी दूध आणायला गेले आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून तशीच बसून राहिले. दार उघडायला हात उचलेना. पाऊण तासाने घरून फोन आला, तेव्हा मी गाडी सुरू करून दूध न घेताच परत आले. दुसऱ्या दिवशी जीपीकडे वेळ मागितली. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "अगं, तुला काय कमी आहे तिथे?" तिचे काही चुकले नव्हते. कमी काहीच नव्हते, म्हणून तर सांगायला तोंड नव्हते.

कार्डिफमध्ये आणि आसपास राहणाऱ्या मराठी माणसांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेची प्रस्तावना मी लिहावी, असे मित्रमंडळींनी सुचवले ते याच अनुभवामुळे. मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही. समुपदेशनाच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर बसलेली बाई आहे. पण त्या खुर्चीवरून जे दिसले, आणि नंतर कुतूहलाने जे वाचले, त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. एकास-एक समुपदेशनात दोन गोष्टी मिळतात : कुशी आणि कसोटी. दुःखाला कुणीतरी धरून ठेवते आणि मग त्या दुःखाभोवती आपण रचलेले विचार घासूनपुसून तपासते. यांतली एकच गोष्ट मिळाली, तर काम अर्धे राहते.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या असतील तर कार्डिफकरांना लांब जायला नको. हीथमध्ये विद्यापीठाच्या वैद्यकीय आवारात आर्ची कॉक्रेन यांच्या नावाची इमारत आहे. आपल्यातले कितीतरी डॉक्टर आणि नर्स रोज त्या परिसरात ये-जा करतात. कॉक्रेन जन्माने स्कॉटिश, पण त्यांचे आयुष्यभराचे काम दक्षिण वेल्समधले. रोन्दाच्या खोऱ्यातल्या खाणकामगारांची फुप्फुसे त्यांनी तपासली. 1972 साली त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून वैद्यकाला जाहीर प्रश्न केला : तुम्ही देता त्या उपचाराचा खरोखर गुण येतो, हे तुम्ही कशावरून म्हणता? ज्येष्ठ डॉक्टर सांगतात म्हणून, की नीट चाचणी घेऊन पाहिले म्हणून? आज जगभरातल्या उपचारांचे पुरावे गोळा करून तपासणारी, 1993 साली स्थापन झालेली संस्था त्यांचेच नाव लावते. कसोटीचा माणूस म्हणतात तो हा.

याच माणसाने आत्मचरित्रात एका रात्रीची हकिगत सांगितली आहे. दुसऱ्या महायुद्धात 1941 साली ते क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढची चार वर्षे युद्धकैद्यांचे डॉक्टर म्हणून छावण्यांत राहिले. जर्मनीतल्या एका छावणीत रात्री उशिरा एका तरुण सोव्हिएत कैद्याला त्यांच्या वॉर्डात आणून टाकले. तो मरणाच्या दारात होता आणि सारखा किंचाळत होता. वॉर्ड जागा होऊ नये म्हणून कॉक्रेननी त्याला आपल्या खोलीत नेले. तपासले, तर दोन्ही फुप्फुसे क्षयाने पोखरलेली, वर फुप्फुसाच्या आवरणाला सूज. वेदना त्या सुजेचीच, असे त्यांनी धरले. मॉर्फिन नव्हते. ॲस्पिरिनने काही फरक पडला नाही. त्यांना रशियन जेमतेम येत होते आणि वॉर्डातही ती भाषा जाणणारे कुणी नव्हते. शेवटी काही न सुचून ते त्याच्या बिछान्यावर बसले आणि त्याला मिठीत घेतले. किंचाळणे जवळजवळ लगेच थांबले. काही तासांनी तो त्यांच्या मिठीतच शांतपणे गेला. आपले निदान चुकले होते, असे त्यांनी पुढे लिहिले. त्याला किंचाळायला लावणारी गोष्ट सूज नव्हती, एकाकीपण होते.

हे वाचताना मला त्या वेल्श बाई आठवल्या. त्यांनाही माझी भाषा येत नव्हती. वेल्समध्ये 'कुच्' असा एक लाडका शब्द आहे. घरातल्या जिन्याखालच्या उबदार कोनाड्यालाही तो लावतात आणि मायेच्या मिठीलाही. आपल्या 'कुशी'च्या जवळचाच. समुपदेशक आपल्याला मिठी मारत नाही. ते त्या नात्यात बसत नाही. पण पन्नास मिनिटे एक माणूस फक्त आपल्याकडे लक्ष देतो, मध्ये स्वतःची कहाणी आणत नाही, 'माझ्या नणंदेचंही असंच झालं होतं' म्हणत नाही, घाईने तोडगा सांगत नाही. मोठ्या माणसाला अशी जागा फार क्वचित मिळते.

मनाची काळजी घेण्याचा या शहराचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. व्हिटचर्चमध्ये उंच पाण्याच्या टाकीची लाल विटांची इमारत दिसते, ते 1908 साली उघडलेले कार्डिफचे मनोरुग्णालय. ते 2016 साली बंद झाले. एके काळी मनाचे आजारपण म्हणजे त्या भिंतींच्या आत जाणे, असेच समीकरण होते. आपल्याकडे येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर ही गावे त्याच कारणाने टोमण्यांत जाऊन बसली. 'याला येरवड्याला पाठवा' हे वाक्य लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकले आहे, आणि हसलोही आहोत. त्या हसण्याची किंमत पुढे ज्याला मदतीची गरज पडते तो मोजतो. 'मला बोलायला कुणीतरी हवं आहे' एवढे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहते.

भिंतीबाहेरची, बोलण्यातून बरे होण्याची वाट विसाव्या शतकाच्या आरंभी रुंद होत गेली. ब्रिटनमध्ये ती रुजवणारे अर्नेस्ट जोन्स हे स्वान्सीजवळच्या गावात जन्मलेले, कार्डिफमध्ये शिकलेले. 1938 साली फ्रॉइडना नाझींच्या तावडीतून व्हिएन्नाबाहेर काढण्यासाठी धडपडले ते हेच. भारतात 1922 साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली. म्हणजे 'हे गोऱ्यांचं खूळ' म्हणावे, तर ते आपल्या मातीत येऊनही शतक उलटले आहे.

मराठीत तर या विषयाला स्वतःची भाषा मिळाली आहे आणि त्याचे फार मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. एलिस यांची विचारपद्धती त्यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती' या नावाने मराठी वाचकांच्या घरात आणली. ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आयपीएच' ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू केली आणि समुपदेशन हा शब्द मध्यमवर्गीय घरांत सहज उच्चारला जाऊ लागला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'ने स्किझोफ्रेनिया, तर 'कासव'ने नैराश्य आपल्यासमोर कसलाही भडकपणा न करता ठेवले. परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे सिनेमे पाहिले, हळहळ व्यक्त केली, आणि 'त्या लोकांचं' दुःख म्हणून बाजूला ठेवले. ही पुस्तिका ते 'त्या लोकांचं' पुसून टाकण्यासाठी आहे.

आता प्रत्यक्ष खोलीत काय घडते, ते थोडे जवळून सांगते.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ ओळखीत आणि ठरवाठरवीत जातो. काय होते आहे, कधीपासून, झोप-भूक-काम कसे चालले आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारले जाते. त्या शेवटच्या प्रश्नाने दचकू नये. तो विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. आधीच असेल तर तो बोलायला वाट मिळते. मग गुप्ततेचा करार समजावून सांगतात. इथे बोललेले इथेच राहते. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल, किंवा एखाद्या लहान मुलाला इजा होत असेल, तर समुपदेशकाला ते पुढे कळवावे लागते. आपल्या छोट्याशा मराठी वर्तुळात, जिथे एका घरची गोष्ट दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे पोचते, तिथे हा करार ऐकूनच अनेकांचे खांदे सैल होतात.

पुढच्या भेटींत काम सुरू होते. पद्धती अनेक आहेत. काहींत भूतकाळाचे धागे उसवून पाहतात, काहींत नात्यांवर भर असतो, तर बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे सीबीटीत, आजचे विचार आणि आजची वागणूक यांवर. साधारण सहा ते वीस भेटी, प्रत्येक भेटीनंतर घरचा अभ्यास, असे सीबीटीचे रूप असते. माझ्या वहीतले एक पान इथे उघड करते. डावीकडे घटना : बाबा गेले, मी पोचले नाही. उजवीकडे भावना : अपराधी वाटणे, दहापैकी नऊ. मध्ये मोकळी जागा. तिथे मनात उमटणारे वाक्य लिहायचे होते. ते लिहायला मला तीन आठवडे लागले. वाक्य असे होते : 'चांगली मुलगी काहीही करून पोचली असती.'

कागदावर उतरेपर्यंत ते मला माझे मत वाटतच नव्हते. सूर्य उगवतो तसे सत्य वाटत होते. मग त्याची उलटतपासणी झाली. काहीही करून म्हणजे काय करून? विमानतळ बंद असताना कोणता रस्ता होता? हेच माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडले असते, तर तिला मी वाईट मुलगी म्हटले असते का? या सगळ्यात दुःख कुठेही खोडून काढले गेले नाही. एलिस आणि फडके यांच्या मांडणीतला मला सर्वांत उपयोगी पडलेला भेद हाच. वडील गेल्याचे दुःख होणे निरोगी आहे, ते व्हावेच. पण त्या दुःखावर 'मी वाईट आहे' हा शिक्का मारला की दुःख वाहत नाही, साचते. कसोटी लावायची ती त्या शिक्क्याला. आणि ती लावता आली ती आधीच्या आठवड्यांत कुशी मिळाली म्हणून. पहिल्याच दिवशी कुणी मला 'विमानं बंद होती, तुझा काय दोष' असे म्हटले असते, तर मी मान हलवून घरी गेले असते. तसे म्हणणारी माणसे दोन वर्षे भेटतच होती.

आजार उतरणे हा एक भाग झाला. त्याच्या पुढे जे घडते त्याला व्यक्तिमत्त्वविकास हा शब्द मला जरा मोठा वाटतो, पण गोष्ट खरी आहे. माझ्या लक्षात आले की 'बाकी सगळं ठीक आहे' हे वाक्य मी माहेरी, सासरी, कामावर, सगळीकडे वापरत आले होते. बाबाही तेच म्हणायचे. माझ्या थोरल्या मुलालाही तीच सवय लागली होती. समुपदेशनानंतर एका रात्री जेवताना मी म्हटले, "आज मला आजोबांची फार आठवण येतेय, मी जरा गप्प बसेन, रागावलेले नाहीये." तो काहीच बोलला नाही. चार दिवसांनी भांडी पुसता पुसता त्याने शाळेतली, वर्षभर दाबून ठेवलेली एक गोष्ट सांगितली. एकाच्या खुर्चीवर झालेले काम असे घरभर झिरपते.

सगळे गोडच असते असे मात्र मी लिहिणार नाही. मधल्या काही आठवड्यांत आधीपेक्षा जास्त रडू येते. पहिला समुपदेशक जुळतोच असे नाही. जुळत नसेल तर तसे सांगून बदलून मागणे हा अपमान नव्हे. सरकारी सेवेत थांबावे लागू शकते. आणि काही दुःखांचे मूळ मनात नसतेच. व्हिसाची टांगती तलवार, कामावरचा वर्णभेद, घरातली मारहाण यांवर समुपदेशन हा उतारा नाही. तिथे कायदा, संघटना, सुरक्षित निवारा लागतो. समुपदेशन फार तर तिथवर चालत जाण्याचे बळ देते. तीव्र नैराश्य, भास होणे, वास्तवाचे भान सुटणे यांत मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधे लागतात, आणि औषध घेणे म्हणजे हार नव्हे. उलट सौम्य नैराश्यात पहिलाच उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नयेत, आधी बोलण्याचे उपचार द्यावेत, असे ब्रिटनमधली 2022ची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रुग्णाची पसंती तिथे महत्त्वाची मानली आहे.

भाषेबद्दल थोडे अधिक. वेल्समध्ये राहतो हे या बाबतीत आपले भाग्यच आहे. इथल्या सरकारने 2012 साली आरोग्यसेवेसाठी एक धोरण आणले; त्याचे नाव 'मूय ना गेरियाउ', म्हणजे 'शब्दांहून अधिक'. आजारपणात माणसाला वेल्शमध्ये बोलता येणे ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे, हे त्यामागचे सूत्र. तो हक्क वेल्शचा आहे, मराठीचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण मातृभाषेत दुःख वेगळे बोलते, हे ज्या देशाला समजावून सांगावे लागत नाही, तिथे आपणही दुभाषा मागायला लाजू नये. फक्त नवऱ्याला, बायकोला किंवा मुलाला दुभाषा म्हणून नेऊ नये; ज्यांच्याविषयी बोलायचे तेच भाषांतर करू लागले तर बोलणे खुंटते. 'घुसमट', 'हुरहुर', 'जीव नकोसा होणे', 'मन उडणे' हे शब्द इंग्रजीत नेताना काय सांडते, यावर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. ते आधी वाचले तरी चालेल.

इतर प्रकरणांविषयी थोडक्यात. जीपीकडे काय आणि कसे सांगावे, आणि वेल्समध्ये 2010च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्राथमिक पातळीवर कोणती मदत मिळते, हे सुरुवातीला आहे. 'समुपदेशक' ही पाटी ब्रिटनमध्ये कायद्याने कुणीही लावू शकतो, त्यामुळे खासगी मदत घेताना मान्यताप्राप्त नोंदवहीत नाव आहे का ते कसे पाहावे, हे त्यापुढे. कॅथेजच्या भाड्याच्या खोल्यांत राहून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, बाळंतपणानंतर एकट्या पडलेल्या आयांसाठी, आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, दिवसभर खिडकीतून पाऊस पाहत बसणाऱ्या आईवडिलांसाठी वेगवेगळी प्रकरणे आहेत. शेवटच्या पानावर मनासाठी तातडीची मदत मागण्याचे दोन क्रमांक ठळक छापले आहेत आणि ते इथेही देते : वेल्समध्ये 111 लावून 2 दाबा, रात्रंदिवस, भारतातल्या आपल्या माणसांसाठी 14416, 'टेलिमानस'. जीव धोक्यात असेल तर इथे 999.

ही पुस्तिका एका बैठकीत वाचायची नाही. फ्रीजवर ठेवा, गाडीत ठेवा. कुणाला द्यायची झाली तर 'तुला गरज आहे' म्हणून देऊ नका. 'मी वाचली, तूही बघ' म्हणून द्या. ज्यांनी नाव न सांगता आपले अनुभव लिहून दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यातल्या एका ताईंनी कागद देताना हात घट्ट धरला होता आणि काही बोलल्या नव्हत्या. मला ते पुरेसे होते.

माझ्या शेवटच्या भेटीत त्या वेल्श बाईंनी विचारले, "पहिल्या दिवशी तुम्ही मराठीत एक वाक्य म्हणाला होता. ते आज कसं म्हणाल?" मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग म्हटले, "बाबा, मला येता आलं नाही."

त्यांना दोन्ही वाक्ये सारखीच ऐकू आली असतील. 'मी आलेच नाही' आणि 'मला येता आलं नाही' यांत किती अंतर आहे, ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तेवढे अंतर चालायला मला चौदा आठवडे लागले. तुम्हाला कमी लागतील, जास्त लागतील. पण ते एकट्याने चालण्याची सक्ती नाही, एवढे कळावे म्हणून हा खटाटोप.

— कार्डिफ